अंतर देणे

कोलकात्याहून आगरतळ्याला जाणारे विमान हवेत पाऊण तासापेक्षा फारसे अधिक राहत नाही. दमदमच्या विमानतळापासून आगरतळ्याच्या विमानतळापर्यंतचे सरळ रेषेतील अंतर सुमारे ३१५ किलोमीटर आहे. म्हणजे मुंबईहून कोल्हापूर हवाई मार्गाने जितके दूर, त्याहून किंचित अधिक. चहाचा पेला हाती येतो, तो रिकामा होतो न होतो तोच पट्टे बांधण्याची सूचना होते. याच दोन शहरांमधला आगगाडीचा मार्ग मात्र साडेपंधराशे किलोमीटरांच्या आसपास भरतो आणि गाडीला दीड दिवसाहून अधिक वेळ लागतो. पाचपट अंतर आणि जवळजवळ पन्नासपट काळ. डोंगर आडवा आला म्हणून रस्ता वळसा घेतो, हे आपण समजू शकतो. येथे मात्र आडवा आलेला आहे तो एक देश. आणि ज्या भूमीला आज आपण हा दुसरा देश म्हणतो, ती तर सपाट, नद्यांनी भरलेली आणि होड्या, आगबोटी व आगगाड्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाट देत आलेली भूमी आहे.

दोन शहरांमधील अंतर काढण्याची रीत सोपी आहे. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत, पृथ्वी गोल आहे असे धरावे आणि तिच्या पाठीवरून त्या दोन बिंदूंना जोडणारा लहानात लहान कंस मोजावा. या गणितात नदी येत नाही, सीमा येत नाही, भाडे येत नाही. तेथे पोहोचल्यावर दार उघडणारे कोणी आहे की नाही, हेही येत नाही. गणिताकडून अशी अपेक्षा करणे गैर आहे, हे मी जाणतो. परंतु हा आकडा हाती आल्यावर आपण त्याला ‘खरे अंतर’ म्हणू लागतो आणि बाकीचे सगळे, म्हणजे वळसे, थांबे, प्रतीक्षा, परवाने, यांना त्या खऱ्या अंतरावर चढलेला मळ मानतो. येथे माझे मन अडखळते. अंतर ही पृथ्वीची गोष्ट आहे की माणसांची, हा प्रश्न पुस्तकी वाटावा असाच आहे; मला तो जानेवारी २०१९ मध्ये, त्या पाऊण तासाच्या प्रवासात, शेजारच्या आसनावर बसलेल्या एका वृद्ध स्त्रीमुळे पडला.

मी एका साहित्यविषयक बैठकीसाठी आगरतळ्याला चाललो होतो. त्या कोलकात्याला मुलाकडे दोन महिने राहून घरी परतत होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे असावे. खिडकीची जागा माझी होती. त्यांनी बंगाली वळणाच्या हिंदीत विचारले, “भाई, ती जागा मला देता का? आज आभाळ मोकळं आहे.” मी उठून जागा दिली. विमानाने उंची गाठल्यावर त्यांनी कपाळ काचेला टेकवले आणि पुढली पस्तीस-चाळीस मिनिटे त्या हलल्या नाहीत. खाली काय दिसत होते? हिवाळ्यातली हिरवी-तपकिरी शेते, अगणित तळी, मधूनच चकाकणारे नदीचे रुंद पात्र. नकाशावर कोलकाता आणि आगरतळा यांना जोडणारी रेघ ओढली, तर ती जेसोरच्या जवळून जाते, पद्मा ओलांडते, जुन्या विक्रमपूरच्या मुलखावरून पुढे मेघना पार करते आणि ब्राह्मणबाडिया व कोमिल्ला यांच्या मधून त्रिपुरात शिरते. विमान खाली उतरू लागले तेव्हा त्यांनी काचेवर बोट ठेवले आणि स्वतःशीच म्हणाव्यात तशा म्हणाल्या, “एइखानेइ कोथाओ.” इथेच कुठेतरी.

आखाउड्याजवळ त्यांचे गाव होते. आगरतळ्यापासून तीन-साडेतीन कोस. १९५० च्या दंगलीनंतर घरातली सगळी माणसे एका रात्री चालत आगरतळ्याला आली. आजी मात्र आली नाही. गाय व्यायला झाली होती, आणि शिवाय आगरतळा म्हणजे काही परदेश नव्हे, बाजाराच्या दिवशी सगळे येतात-जातात, असे तिचे म्हणणे होते. ते खोटेही नव्हते. पहिली दोन वर्षे वडील महिन्यातून एकदा जाऊन तिला भेटून येत. मग १९५२ च्या ऑक्टोबरात भारत आणि पूर्व पाकिस्तान यांच्यामधल्या प्रवासाला पारपत्र व प्रवेशपत्र लागू झाले. वडिलांनी पारपत्र काढले नाही; काढायचे कसे, हेच कोणाला ठाऊक नव्हते आणि त्यासाठी लागणारे पैसेही नव्हते. आजी त्यानंतर चार वर्षे जगली. “तीन कोसांवर,” त्या म्हणाल्या. “आमच्या अंगणातून तिकडच्या भाताच्या गिरणीचा भोंगा ऐकू यायचा.”

मराठीत आपण जवळच्या ठिकाणाला ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणतो. ही फार अर्थपूर्ण मोजणी आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. कोस आणि मैल पावलांनी मोजायचे; मजल दिवसाच्या चालीने मोजायची; पण हाकेचे अंतर मोजायला दोन माणसे लागतात, एक हाक मारणारा आणि दुसरा ओ देणारा. ओ देणारा नसेल, किंवा असूनही त्याला येता येत नसेल, तर ते अंतर हाकेचे राहत नाही. मग ते कितीही फूट का असेना. आणि ‘अंतर’ हा शब्दच पाहा. मराठीत त्याचा अर्थ दोन वस्तूंमधली मोकळी जागा असा आहे, फरक असाही आहे आणि मनाचा आतला भाग असाही आहे. बंगालीत तर अंतर म्हणजे मुख्यतः हृदयच. पण आपल्या भाषेने या शब्दाला जोडून एक क्रियापद दिले आहे, जे अन्यत्र मला आढळले नाही: ‘अंतर देणे’. मला अंतर देऊ नकोस, असे लहान मूल आईला म्हणते, आश्रित धन्याला म्हणतो, भक्त देवाला म्हणतो. येथे अंतर हे असत नाही, ते दिले जाते. देणारा कोणीतरी असतो. भूगोलाच्या पुस्तकात हा प्रयोग बसणार नाही. पण नीतीच्या विचाराला येथूनच आरंभ करावा लागेल, असे माझे मत आहे.

कारण प्रश्न असा आहे, की प्रवासाचा काळ कमी झाला म्हणजे माणसे एकमेकांना कमी अंतर देऊ लागतात का? आपल्या पिढीने हे गृहीतच धरले. माझे स्वतःचे उदाहरण देतो; ते देण्यात मला काही भूषण नाही.

माझी नोकरी दिल्लीस, आई वाईला. दिल्ली ते पुणे हे विमानाचे अंतर साडेअकराशे किलोमीटरांच्या आसपास आहे आणि त्याला दोन तास लागतात. मी नोकरीला लागलो तेव्हा विमानाचा विचारही आमच्या कोणाच्या मनात येत नसे. पुण्याहून दिल्लीला आगगाडीने अठ्ठावीस तासांच्या आसपास लागत, आणि त्याच्या आधी व नंतर एस. टी.चा प्रवास, फलाटावरची रात्र, असे धरून दीड-दोन दिवस जात. त्यामुळे जाणे वर्षातून एकदाच होई. पण गेल्यावर तीन-तीन आठवडे राहणे होई. पोहोचल्याच्या दिवशी आई काही बोलत नसे. प्रवासाचा शीण आहे, झोप, एवढेच म्हणे. दुसऱ्या दिवशी गावातल्या बातम्या निघत. चौथ्या-पाचव्या दिवशी, दुपारी धान्य निवडता निवडता, ज्या गोष्टी तिला खरोखर बोलायच्या असत त्या बाहेर येत. मला आता कळते, की त्या गोष्टींना चार दिवसांचे अंतर होते. त्या पहिल्या दिवशी निघूच शकत नव्हत्या.

पुढे विमान परवडू लागले. जाणे वर्षातून चार-पाच वेळा होऊ लागले आणि राहणे एका रात्रीवर आले. शनिवारी दुपारी पोहोचायचे, रविवारी जेवून निघायचे. वर्षाची बेरीज केली तर पूर्वीचे एकवीस दिवस गेले आणि त्यांच्या जागी पाच रात्री आल्या. मी आईला सांगत असे, “आता काय, दोन तासांचा तर प्रश्न.” ती म्हणायची, “होय बाबा, जवळच आहेस.” त्या चौथ्या दिवशीच्या गोष्टी तिने नंतर कोणाला सांगितल्या, मला माहीत नाही.

एका गुरुवारी संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन आला. आईला जरा बरे नाही. घाबरण्यासारखे नाही असे डॉक्टर म्हणतात. पण येऊन जा. शुक्रवारी माझी एक बैठक होती. ती टाळण्याजोगी होती, हे आज मी लिहू शकतो. मी म्हणालो, शुक्रवारी संध्याकाळचे विमान घेतो, रात्री वाईत पोहोचतो. शुक्रवारी दुपारी साडेबाराला ती गेली.

ही घटना काही विलक्षण नाही. अशा घटना प्रत्येक घरात आहेत. मला तिच्यातला एक लहानसा भाग छळतो. विमान नसते, केवळ आगगाडी असती, तर मी गुरुवारी रात्रीच निघालो असतो. दीड दिवस लागणार, म्हणून एक क्षणही दवडता येणार नाही, असे वाटले असते. तरीही कदाचित मी तिच्या जाण्यानंतरच पोहोचलो असतो. पण ती गेली त्या क्षणी मी वाटेवर असतो. विमान होते, दोन तास होते, म्हणूनच मी थांबलो. फोनमुळे ती हाकेच्या अंतरावर आली होती, विमानामुळे दोन तासांवर आली होती, आणि या दोन्ही सोयींच्या भरवशावर मी तिला अंतर दिले. पूर्वी अंतर ही एक सबब होती, आणि सबब असली तरी पुष्कळदा ती खरी असे. आता सबब नाहीशी झाली आहे. तिच्या जागी चालढकल आली आहे. तिला तर मुळीच बचाव नाही.

नीतिशास्त्रातील एक प्रसिद्ध युक्तिवाद येथे आठवतो, आणि योगायोग असा, की तोही याच भूमीतून निघालेला आहे. पीटर सिंगर हा ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ १९७१ मध्ये ऑक्सफर्डला तरुण अध्यापक होता. पूर्व बंगालमधून लाखो माणसे सीमा ओलांडून भारतात येत असताना त्याने एक निबंध लिहिला. तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: उथळ तळ्यात एखादे मूल बुडताना दिसले, तर कपडे चिखलाने भरतील म्हणून कोणी काठावर थांबत नाही, थांबलाच, तर आपण त्याला दोषी ठरवतो. मग ते मूल आपल्यापासून दहा पावलांवर आहे की दहा हजार मैलांवर, याने आपल्या कर्तव्यात कोणता फरक पडतो? सिंगर म्हणतो, कोणताही नाही. ज्या अंतरावरून मदत पोहोचवता येते, त्या अंतराला नैतिक अर्थ नाही.

या युक्तिवादाला उत्तरे अनेकांनी दिली आहेत. आपले-परके हा भेद केवळ दुबळेपणा नव्हे, आप्तांविषयीचे कर्तव्य वेगळ्या जातीचे असते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. मला मात्र तो निबंध आगरतळ्यात बसून आठवला, आणि तेथे त्याला एक वेगळीच बाजू दिसू लागली.

१९७१ च्या जनगणनेप्रमाणे त्रिपुराची लोकसंख्या १५ लाख ५६ हजार होती. त्या वर्षी सीमा ओलांडून त्रिपुरात आलेल्या निर्वासितांची संख्या तेरा-चौदा लाखांच्या घरात गेली. जवळजवळ माणशी एक पाहुणा. शाळा बंद करून त्यांत माणसे ठेवावी लागली. सरकारी कचेऱ्यांच्या पडव्या, देवळांचे मंडप, घरांचे ओटे, सगळीकडे माणसे. बैठकीला आलेले एक निवृत्त शिक्षक सांगत होते, की त्यांच्या घरी नऊ महिने एकवीस माणसे होती आणि त्यांतली बारा कोण, हे त्यांच्या वडिलांना शेवटपर्यंत नीट ठाऊक नव्हते. “विचारायला वेळच झाला नाही,” ते म्हणाले. मी सिंगरच्या निबंधाचा विषय काढला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, “अंतराने फरक पडत नाही, हे लांबच्यांना पटवून द्यावं लागतं. आम्हाला कोणी पटवायला आलं नाही. आमच्या दारात चिखल होता.”

येथे हा प्रसंग गौरवाने संपवता आला असता. पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. निकटतेचे मोल त्रिपुराने एकदाच दिले असे नाही. फाळणीपासून सतत आलेल्या लोंढ्यांमुळे त्या राज्यातला आदिवासी समाज, जो १९४१ च्या सुमारास लोकसंख्येच्या निम्म्याच्या आसपास होता, तो १९८१ च्या जनगणनेत अठ्ठावीस टक्क्यांवर आला. ज्यांनी जागा दिली, त्यांची जागा गेली. पुढे त्यातून जो विद्वेष उपजला, १९८० मध्ये जे रक्त सांडले, त्याचा इतिहास त्या राज्यातली माणसे आजही खालच्या आवाजात सांगतात. तेव्हा, अंतराने कर्तव्यात फरक पडत नाही, हे तत्त्व म्हणून मान्य करावे. पण कर्तव्याचा भार मात्र प्रत्येक वेळी अंतराप्रमाणेच वाटला जातो. जो जवळ असतो त्याच्या अंगणात माणसे येतात, जो दूर असतो त्याच्याकडे त्यांच्याविषयीचा विचार जातो. मुंबईला, दिल्लीला आम्ही निधी गोळा केला असेल, टपालाच्या पाकिटावर पाच पैशांचे जादा तिकीटही लावले. परंतु आमची शाळा एक दिवसही बंद झाली नाही. सिंगरचे तत्त्व खरे असेल, तर ही वाटणी अन्यायाची होती, आणि तो अन्याय ज्यांनी केला त्यांत दूर असणारे आपण सगळेच होतो.

सरळ रेषेविषयी आणखी एक गोष्ट. ती रेषाही निसर्गाने दिलेली नाही. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात पहिलेच कलम असे आहे, की प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सत्ता असते. म्हणजे कोलकाता-आगरतळा हे विमान ज्या रेषेने जाते, ती रेषा म्हणजे एक अनुज्ञा आहे. ती अनुज्ञा निघून गेली, की काय होते, याचे उदाहरणही १९७१ मध्येच आहे. त्या वर्षीच्या ३० जानेवारीला एक भारतीय प्रवासी विमान पळवून लाहोरला नेण्यात आले आणि तेथे जाळण्यात आले. त्यानंतर, फेब्रुवारीच्या आरंभी, भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली. कराचीहून ढाक्याला सरळ गेले तर सुमारे २,४०० किलोमीटर होतात. एकाच देशाच्या त्या दोन शहरांमधली विमाने श्रीलंकेला, म्हणजे तेव्हाच्या सिलोनला, वळसा घालून जाऊ लागली. अंतर दुपटीच्या आसपास गेले. वर्षअखेरीस तो देशच एक राहिला नाही. वळशामुळे तो फुटला असे कोणी म्हणणार नाही. फुटण्याची कारणे फार खोल होती. पण दोन भागांमध्ये मनांचे जे अंतर आधीच पडले होते, ते त्या दहा महिन्यांत नकाशावरही मोजता येऊ लागले, एवढे म्हणता येईल. आणि इकडे आगरतळ्याच्या विमानातला प्रवासी ‘देशांतर्गत’ प्रवासाचे तिकीट घेऊन परक्या देशावरून जातो, त्याला कोणी कागद विचारत नाही. कागद लागतात ते खाली, भाताच्या बांधावरून चालणाऱ्याला.

कालिदासाला विमानप्रवास कल्पनेनेच ठाऊक होता. तरी रघुवंशाच्या तेराव्या सर्गात त्याने जे केले आहे, त्याचा मी अलीकडे पुष्कळ विचार करतो. लंकेहून अयोध्येला परतताना राम पुष्पकातून सीतेला खालची भूमी दाखवत जातो. तुला शोधत असताना तुझे एक पैंजण मला जेथे पडलेले सापडले, ती ही जागा, असे तो सांगतो. ज्या वाटा त्याने वर्षानुवर्षे पायी, दुःखात तुडवल्या, त्या आता एका प्रहरात मागे पडत आहेत. पण रामाला त्या ओळखता येतात. ओळखता येतात, कारण तो त्यांवरून आधी चाललेला आहे. वरून दिसणाऱ्या भूमीला अर्थ येतो तो पायांच्या आठवणीतून. माझ्या शेजारी बसलेल्या त्या दीदी आठ वर्षांच्या असताना त्या वाटेने एकदाच, अंधारात, चालल्या होत्या. म्हणून त्यांना ‘इथेच कुठेतरी’ एवढेच म्हणता येत होते. त्यांच्या नातवंडांना, त्या म्हणाल्या, तेवढेही म्हणता येत नाही. ती विमानात झोपतात.

बैठक संपल्यावर मी परतीचे विमान सोडून दिले आणि आगगाडीने निघालो. सहकाऱ्यांनी याला लहरीपणा म्हटले, आणि थोडासा तो होताही. गाडी आगरतळ्याहून कोलकात्याच्या दिशेला पाठ करून उत्तरेकडे जाते. धर्मनगर, बदरपूर, मग बडाईल डोंगरातले बोगदे, लमडिंग, गुवाहाटी. तेथून पश्चिमेला वळून उत्तर बंगालच्या त्या चिंचोळ्या पट्टीतून, जिला कोंबडीची मान म्हणतात आणि जी एके ठिकाणी वीस-बावीस किलोमीटर रुंद आहे, ती न्यू जलपाईगुडीला येते. आणि मग कुठे दक्षिणेला, फराक्कावरून गंगा ओलांडून, सियालदहकडे. एका देशाभोवती घातलेली ही प्रदक्षिणाच. डब्यात कोलकात्याला उपचारासाठी निघालेली चार कुटुंबे होती. त्यांतल्या एका गृहस्थांनी मला विचारले, “आपण विमानाने का गेला नाहीत?” मी काहीतरी उत्तर दिले. मग मीच तो प्रश्न त्यांना उलट विचारण्याच्या बेतात होतो, पण त्यांच्या पत्नीच्या मांडीवर तपासण्यांच्या कागदांची जाड पिशवी होती, ती पाहून गप्प राहिलो. पाऊण तास आणि दीड दिवस हे एकाच अंतराचे दोन काळ आहेत, हे मी पुस्तकी थाटात वर लिहिले खरे. पण ते एकाच माणसाचे दोन काळ नसतात. जो पाऊण तासात जातो तो वेगळा आणि दीड दिवस बसतो तो वेगळा. मी तेवढ्यापुरता, हौसेने, दुसऱ्याच्या काळात बसलो होतो, आणि ते त्या डब्यात सगळ्यांना समजत होते.

कोलकात्यास उतरल्यावर दीदींना मी फोन केला, सुखरूप पोहोचल्याचे सांगितले. त्यांना हसू आले. “एवढ्या वेळात आमचे लोक तीनदा जाऊन येतील,” त्या म्हणाल्या. तेव्हापासून वर्षातून दोनदा, बिजोयादशमीला आणि पहिल्या वैशाखाला, आमचे बोलणे होत आले आहे.

१ नोव्हेंबर २०२३ रोजी आगरतळा आणि आखाउडा यांना जोडणाऱ्या लोहमार्गाचे उद्घाटन झाले. सव्वाबारा किलोमीटरांचा मार्ग. साडेपाच किलोमीटर भारतात, बाकीचा बांगलादेशात. तो ढाक्यावरून पुढे जोडला गेला, की कोलकात्याचे साडेपंधराशे किलोमीटर साडेपाचशेच्या आसपास येतील, असे तेव्हा सगळीकडे छापून आले होते. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तिकडचे सरकार गेले, दोन्ही देशांत ताण आला आणि त्या बातम्या वृत्तपत्रांतून दिसेनाशा झाल्या. पण उद्घाटनाच्या त्या संध्याकाळी हे काही ठाऊक नव्हते. मी नियम मोडून मध्येच दीदींना फोन केला. त्यांनी बातमी सकाळीच पाहिली होती. मुलाला त्यांनी बजावून ठेवले होते, की यापुढे विमानाचे तिकीट काढू नये.

“सीमेपलीकडचं पहिलं स्टेशन गंगासागर,” त्या म्हणाल्या. “तिथून आमचं तळं दिसतं. म्हणजे दिसायचं. भाई, तुम्ही दिल्लीला राहिलात, तुम्हाला माहीत असेल. गाडी तिथे थांबेल ना?”

मी म्हणालो, सीमेवरचे स्थानक आहे, थांबावीच लागेल, कागद तपासतील.

“किती वेळ थांबेल?”

मला सांगता आले नाही.